उपचारासाठी परदेशी जाताना घेतलेल्या आणि राहून गेलेल्या लसी : तुमचे अनुभव लिहा

बाबांच्या किडनी प्रत्यारोपणासाठी परदेशी जायचं ठरलं तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, दात्याच्या तपासण्या, सगळ्यामागे धावलो. लसींचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तिकडच्या डॉक्टरांनी ईमेलमध्ये विचारलं, "हिपॅटायटिस बीचा टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची पातळी, किती?" तीन डोस झालेत म्हणून आम्ही निर्धास्त. तपासलं तर आकडा ४. संरक्षणासाठी निदान १० लागतो. डायलिसिसवरच्या माणसाला ही लस सहसा दुप्पट मात्रेत देतात आणि कोर्स संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून ती लागू पडली की नाही ते बघतात. बाबांच्या कार्डावर तिन्ही तारखा निळ्या पेनाने लिहिलेल्या होत्या, मात्रेचा रकाना मात्र कोरा. सगळा कोर्स पुन्हा करावा लागला, प्रवास सात महिने पुढे गेला. त्या सात महिन्यांत आठवड्याला तीन डायलिसिस. हे आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा धागा. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. चुकलं असेल तेही लिहा.

* * *

मुलीला यकृत प्रत्यारोपणासाठी नेलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात, मग गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी (ज्यांत कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो) सहसा देता येत नाहीत. त्या आधीच उरकायच्या, आणि शेवटची जिवंत लस व ऑपरेशन यांत किमान चार आठवडे हवेत. अशा बाळांना गोवराची लस सहाव्या महिन्यापासूनही देतात. आम्हाला हे उशिरा कळलं, आणि कळलं तोवर तिला रक्त चढवून झालं होतं. दात्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी लसीतल्या विषाणूला निष्प्रभ करतात, म्हणून रक्त चढवल्यावर गोवराच्या लसीसाठी साधारण सहा महिने थांबायला सांगतात. तिच्याकडे सहा महिने नव्हते.

डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि घरातल्या सगळ्यांची नावं विचारून लिहिली. मी, नवरा, सासूबाई, दीर, जाऊ, जावेचं तान्हं बाळ. हिला देता येत नाही ना, मग हिच्या भोवतीच्यांना देऊया, म्हणाल्या. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस घेतली. "नातीसाठी दोन्ही दंडांत टोचा," असं त्या नर्सला म्हणाल्या ते अजून कानात आहे. जावेच्या बाळाला पोलिओचे थेंब न देता इंजेक्शन दिलं, कारण थेंबांतला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो. मुलगी आता चार वर्षांची आहे.

* * *

माझी प्लीहा (स्प्लीन) काढायची होती. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात. पॅकेजच्या पत्रकात खोली, गाडी, दुभाषी, सगळं होतं. लसींची एक ओळ नव्हती. स्वतःहून विचारलं म्हणून वेळेत झालं.

* * *

आईला मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू दुबळे करणारा आजार, आहे; छातीतली थायमस ग्रंथी काढलेली. आमच्या विमानाचा थांबा पीतज्वर असलेल्या देशात चौदा तासांचा होता. असा थांबा बारा तासांच्या वर गेला की पुढचे बरेच देश पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. एजंट म्हणाला, "टोचून घ्या, दहा मिनिटांचं काम." ही लस जिवंत असते आणि थायमसचा आजार असलेल्यांच्या जिवावर बेतू शकते. लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरांनी नुसतं आजाराचं नाव ऐकलं आणि फॉर्म परत माझ्या हातात दिला. लस न घेण्याचं वैद्यकीय कारण लिहून मिळतं, पण ते मान्य करायचं की नाही हे त्या त्या देशावर असतं. आम्ही तिकीटच बदललं, सरळ मार्गाचं घेतलं. ज्यांना लस चालते त्यांनी लक्षात ठेवा, दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो.

* * *

सोबत जाणाऱ्याचं मी लिहितो. पत्नीच्या ऑपरेशनसाठी जूनमध्ये दक्षिण गोलार्धात गेलो. तिथे फ्लूचा मोसम एप्रिल ते सप्टेंबर, हे माहीतच नव्हतं. तिची लस झाली होती, माझी नाही. चौथ्या दिवशी मला ताप भरला आणि वॉर्डात येऊ देईनात. ती शुद्धीवर आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

* * *

भावाच्या ऑपरेशनला सहा आठवडे आहेत. हिपॅटायटिस बीचा एकही डोस झालेला नाही. काही करता येईल का?

* * *

हो. हिपॅटायटिस बीच्या काही लसींसाठी ०, ७ आणि २१ व्या दिवशी असा झटपट कोर्स असतो, आणि चौथा डोस बाराव्या महिन्यात. आजच त्याच्या डॉक्टरांना विचारा, ऑपरेशन करणाऱ्या टीमलाही कळवा, आणि हिपॅटायटिस बीची जुनी चाचणी असेल तर तीही दाखवा. चौथ्या डोसची तारीख आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. परत आल्यावर जखम, औषधं, फॉलोअप यांत तो हमखास राहतो. आमचा राहिला होता.