डब्ल्यूपी इंजिनाचं मॉडेल: चाकं बदलायची की आहेत तीच ठेवायची?

लोहमार्ग:
एचओ म्हणजे 1:87 प्रमाणात आपलं डब्ल्यूपी, म्हणजे भारतीय रेल्वेचं वाफेचं इंजिन, करायला घेतलंय. खालचा सांगाडा यूएसआरए लाइट पॅसिफिक या अमेरिकन इंजिनाच्या तयार मॉडेलचा, वरचा बॉयलर आणि निमुळतं नाक पितळी पत्र्यातून. दोन्ही 4-6-2 (पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान चाकं), दोन्हींच्या पिस्टनचा स्ट्रोक 28 इंच, त्यामुळे क्रँकपिन, म्हणजे चाकाला रॉड जोडणारी खीळ, केंद्रापासून 4.1 मि.मी.वर, जिथे हवी तिथेच आहे. अडतंय ते चाकांपाशी. अमेरिकन इंजिनाची मोठी चाकं 73 इंची, मॉडेलवर 21.3 मि.मी. डब्ल्यूपीची 1705 मि.मी., म्हणजे 19.6 हवीत. माझ्या मते ती बदललीच पाहिजेत. नाहीतर वर कितीही राबलो तरी ते डब्ल्यूपीचं टोपडं घातलेलं अमेरिकन इंजिनच राहील.

सांधेवाला:
माझा विरोध आहे. चाकं लहान केली तरी दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर तेच राहणार, म्हणजे शेजारच्या चाकांमधली फट 1.7 मि.मी.ने वाढणार. बाजूने बघणाऱ्याला व्यासाआधी ती फट दिसते. शिवाय अख्खं इंजिन 0.85 मि.मी. खाली बसेल. पुढच्या बोगीची चाकं वळणावर सिलिंडरच्या तळाला घासतील, आणि दोन्ही धातूचे असतील तर शॉर्ट सर्किट ठरलेलंच. डबे जोडणाऱ्या कपलरची उंची बिघडेल ते वेगळंच.
आणि गेजचं काय? आपलं 1676 मि.मी.चं ब्रॉडगेज 1:87 मध्ये जवळपास 19.3 होतं, तुम्ही इंजिन पळवणार एचओच्या 16.5 च्या रुळांवर. तिथे पावणेतीन मि.मी. सोडून द्यायचे आणि व्यासात पावणेदोनसाठी अडून बसायचं, हे मला पटत नाही.

लोहमार्ग:
गेज फक्त समोरून दिसतं. गाडी आपण बघतो बाजूने, आणि बाजूने चाक हेच इंजिनाचं रूप ठरवतं. सिलिंडर आणि अ‍ॅक्सल एकाच सांगाड्यात असल्याने दोन्ही सारखेच खाली येतात, रॉडची रेषा हलत नाही. वरचा बॉयलर मीच बनवतोय, तो तेवढा उचलून बसवेन. सिलिंडरचा तळ थोडा घासून त्यावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवली की शॉर्टची भीती नाही.

जुनी_वाफ:
लोहमार्ग यांच्या बाजूने. ब्रिटिश 4 मि.मी. स्केलसाठी (एका फुटाला 4 मि.मी.) रॉमफर्ड पद्धतीची 20 मि.मी. चाकं असतात, तीही 16.5 गेजवरच चालतात. 1:87 मध्ये ती साधारण 1740 मि.मी. होतात, फरक दोन टक्के. त्यांच्या अ‍ॅक्सलची टोकं चौकोनी असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या क्रँकमधला 90 अंशांचा कोन आपोआप जुळतो. माझ्या लेखी हा फार मोठा फायदा आहे. मात्र अ‍ॅक्सल 1/8 इंची असल्याने सांगाड्यातले बेअरिंग आणि अ‍ॅक्सलवरचा गिअर दोन्ही त्या मापाचे बघावे लागतील. खरं काम गिअरचं.

सतत_चालू:
आणि तिथेच घात होतो. कारखान्यातून आलेला सांगाडा गुळगुळीत चालतो, तो उघडून गिअर काढला की पुन्हा तसा बसेलच असं नाही. गिअर जरा तिरका बसला तरी इंजिन लंगडतं, आणि लंगडणारं इंजिन बघवत नाही. मला तासन्‌तास धावणारी गाडी हवी, कपाटातली नको. चाकं घेणारच असाल तर निदान धाव, म्हणजे चाकाची रुळावर टेकणारी कड, अरुंद घेऊ नका. कोड 88 ची सव्वादोन मि.मी. रुंदीची चाकं नेहमीच्या सांध्यांच्या क्रॉसिंगमध्ये, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या फटीत, खचतात, कोड 110 ची 2.8 मि.मी.ची सहसा नाहीत.

जुनी_वाफ:
धावेबद्दल मान्य. चालण्याबद्दल नाही. लहान चाकाने त्याच मोटरवर वेग सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो आणि ओढ तेवढीच वाढते. प्रवासी गाडीचे डबे लावायचे असतील तर हे हवंच आहे.

सांधेवाला:
ओढीचं ठीक, पण माझ्या फटीला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. खर्च करण्याआधी 19.6 च्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापा, पांढऱ्या कागदावर अ‍ॅक्सलच्या जागी चिकटवा आणि रेवाडीच्या 7200 क्रमांकाच्या डब्ल्यूपीचा बाजूने काढलेला फोटो त्याच मापात छापून शेजारी ठेवा. फट खटकली तर आहेत ती चाकं राहू द्या.

लोहमार्ग:
चकत्या आज रात्रीच कापतो. पण फट खटकली तर 21.3 ची चाकं ठेवणार नाही. पितळी पट्ट्यांतून सांगाडाच नवा कापेन, अ‍ॅक्सलची भोकं डब्ल्यूपीच्या मापाने पाडेन. गिअर तेव्हाही बसवायचाच आहे.