रविवारचा रिकामा बाक रात्री झोपू देत नाही

नगर जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) मी पाळक, म्हणजे धर्मगुरू. परवा उपदेश चालू असताना एक कुटुंब उठून गेलं. बाकी चाळीसेक जण शेवटच्या गीतापर्यंत होते, पण रात्री दोनपर्यंत डोळ्यांपुढे तो एकच बाक. ‘आता मंडळी फुटणार’, मन पळतच सुटतं. प्रार्थना करूनही थांबत नाही. काय करावं?

उत्तर: पाळकसाहेब, सलाम. बायबलातलं १ राजे १९ पुन्हा वाचा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्याला खडसावलं नाही, भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. पुढे तो ‘मी एकटाच उरलो’ म्हणाला, तेव्हा देवाने विश्वासू राहिलेल्या सात हजारांचा आकडा सांगितला. मी महिला मंडळ चालवते, वही ठेवते. डाव्या पानावर घडलं ते, उजव्यावर मी लावलेला अर्थ. ‘कुटुंब उठून गेलं’ डावीकडे, ‘मंडळी फुटणार’ उजवीकडे. उजवं पान रात्री उघडायचं नाही, सकाळी चहानंतरच.

उत्तर: निर्गम १८ पण बघा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, सासऱ्याने, इथ्रोने, माणसं वाटून द्यायला लावली. भेटीगाठी वडीलवर्गाला, मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना, द्या. आणि झोप आठवडेच्या आठवडे नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

पाळक: त्यांच्या घरी जाऊन आलो. धाकटीला ताप भरला होता. वही आणलीय. डावं पान दोनच ओळींचं झालं.