मदत हवी आहे : प्रश्नमंजुषेत बझर दाबण्याची वेळ कशी साधावी?

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषेत स्पर्धक म्हणून भाग घेतलेल्यांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. माझी निवड झाली असून वाचनाची तयारी समाधानकारक आहे. खरी चिंता बझरची आहे. अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या दूरचित्रवाणी प्रश्नमंजुषेत प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधी बझर दाबल्यास तो पाव सेकंद निष्क्रिय होतो आणि तिन्ही स्पर्धकांना उत्तर ठाऊक असेल, तर तेवढ्या विलंबानेही संधी हातची जाते. माझ्या कार्यक्रमाचा नियम साधारण असाच आहे. अशा वेळी सूत्रसंचालकाच्या वाचनाच्या लयीवर विसंबावे, की वाचन संपल्याचा इशारा देणाऱ्या दिव्याची वाट पाहावी? शिवाय एकाच दिवशी अनेक भागांचे चित्रीकरण होते, तेव्हा दीर्घ प्रतीक्षेनंतर, प्रखर प्रकाशात, आपण एकाग्रता कशी टिकवलीत? चुकलेले उत्तर पुढील प्रश्नापूर्वी मनातून कसे काढलेत, हेही कृपया सविस्तर लिहावे.