पर्मनंट सोडून कॉन्ट्रॅक्टिंगला जाऊ का? बँकिंगमधल्या लोकांनी प्लीज सांगा

कोरा_कागद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितोच.

एकाच बँकेत ११ वर्षं झाली. आधी मार्केट रिस्कचे (बाजारभाव हलले तर किती तोटा होईल त्याचे) रोजचे आकडे काढायचो, मग लिक्विडिटी रिपोर्टिंग (बँकेकडे हाताशी पुरेसा पैसा आहे का त्याचे अहवाल), आता रेग्युलेटरी रिपोर्टिंगची म्हणजे नियामकाला जाणाऱ्या अहवालांची छोटी टीम बघतो. काम येतं, लोक विचारायला येतात, पण गेली तीन वर्षं तेच चाललंय, महिनाअखेर, तिमाहीअखेर, तेच रिकन्सिलिएशन म्हणजे आकडे जुळवणं आणि पगारवाढ नावापुरती. गेल्या महिन्यात एका एजन्सीचा फोन आला, दुसऱ्या बँकेत सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, वाढू शकतं म्हणाले. त्यांनी सांगितलेला डे रेट (एका दिवसाचे पैसे) मी वर्षाच्या २६० दिवसांनी गुणला तर आत्ताच्या पगाराच्या पावणेदोनपट होतो. तेव्हापासून रात्री झोप नीट लागत नाहीये.

घराचं कर्ज आहे, दोन मुलं शाळेत आहेत, बायकोची नोकरी चालू आहे पण तिच्या एकटीच्या पगारात सगळं भागणार नाही. माझा नोटिस पिरियड तीन महिने आणि त्यांना माणूस पाच-सहा आठवड्यांत हवाय. हा रेट खरंच चांगला आहे का? आणि दोनेक वर्षांनी परत पर्मनंटला यावंसं वाटलं तर घेतात का, की शिक्का बसतो?

निशिगंध

पहिली गोष्ट, २६० ने गुणू नका. सगळे हीच चूक करतात, मीही केली होती. २६० म्हणजे बावन्न आठवडे गुणिले पाच, त्यात सार्वजनिक सुट्ट्या १० धरा, स्वतःची रजा २०, आजारपण ५, राहिले २२५. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे महिनाभर तरी रिकामा जातोच, म्हणजे बिल होणारे दिवस २०० धरून चला.

आता तुमचाच आकडा घेऊ. पगार १०० धरला तर २६० दिवसांचे १७५ होतात, २०० दिवसांचे साधारण १३५. आणि समोर १०० नाही धरायचे हो, तुमचा बोनस, कंपनी भरते तो आरोग्य विमा, निवृत्तीनिधीतला कंपनीचा वाटा, भरपगारी रजा हे सगळं धरा. रजा वर वजा केलीच आहे म्हणून ती सोडा, बाकीचं मिळून २५ तरी होईल. म्हणजे १३५ विरुद्ध १२५. पावणेदोनपट कुठे गेलं? आणि एखाद्या वर्षी चार महिने काम मिळालं नाही तर दिवस दीडशेच्या आसपास येतात, मग हातात येतात १०० च, म्हणजे नुसता पगार, बोनसही नाही.

जाऊ नका असं नाही म्हणत, पण या रेटला मी तरी हो म्हणणार नाही, अजून मागा. आणि पैसे कधी मिळतात तेही विचारा. महिनाअखेरीला इन्व्हॉइस, त्यानंतर ३० किंवा ४५ दिवस, म्हणजे पहिले पैसे यायला दोन-अडीच महिने लागतात आणि ईएमआय तोपर्यंत थांबत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका, कर्जाचा हप्ता धरून सहा महिने.

पायवाट

मी नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करतोय, सगळं बँकांमध्येच. निशिगंध यांचा हिशोब बरोबर आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न रेटचा नाहीच. खरा प्रश्न असा की तुम्हाला जे येतं ते दुसरी बँक विकत घेईल का. अकरा वर्षं एका जागी काढली की माणसाला दोन प्रकारचं ज्ञान होतं, एक विषयाचं आणि एक त्या बँकेचं. कुठला डेटा फीड किती वाजता येतो, कुठल्या टेबलात खोट आहे, सही कोणाकडून पटकन मिळते, याच्यामुळेच लोक तुम्हाला विचारायला येतात पण दाराबाहेर पडलात की त्याची किंमत शून्य. म्हणून एक कागद घ्या, त्यावर बँकेचं, सिस्टीमचं नाव न घेता लिहा की मला काय येतं. पान भरलं तर बाहेर पडा. चार ओळींत संपलं तर अजून वर्षभर थांबा आणि आतल्या आत दुसऱ्या प्रोजेक्टवर जा.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं कॉन्ट्रॅक्टचं काम लाटेसारखं येतं आणि लाट बहुतेक वेळा एखाद्या नियमाच्या तारखेची असते. आयएफआरएस ९ (कर्ज बुडण्याचा अंदाज आधीच धरायला लावणारा हिशोबाचा नियम) ची तारीख १ जानेवारी २०१८, त्याआधी दोन वर्षं क्रेडिट मॉडेलवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. मग लायबॉर, म्हणजे बँका एकमेकांना कुठल्या दराने उसने देतात त्यावरचे जुने व्याजदर, ज्यांवर कितीतरी करार बांधलेले होते. बहुतेक लायबॉर २०२१ च्या शेवटी बंद झाले, डॉलरचे मुख्य दर ३० जून २०२३ पर्यंत चालले. मी त्यातच होतो, जुने करार वाचून फॉलबॅकची कलमं (दर बंद झाला तर त्याजागी काय ते सांगणारी) शोधायची, नवीन दरांवर व्हॅल्युएशन तपासायचं, काम भरपूर आणि रेट छान. आणि जूनमध्ये तारीख उलटली आणि माझ्यासारखे कितीतरी लोक एकाच महिन्यात बाजारात आले, सगळ्यांच्या सीव्हीवर तेच. पाच महिने घरी होतो. चूक माझीच होती, लाट चढती असतानाच पुढचं काहीतरी शिकायला हवं होतं, मी रिन्यूअल मिळतंय म्हणून निवांत राहिलो.

तुम्हाला मिळत असलेलं काम कुठल्या तारखेला बांधलेलं आहे ते एजन्सीला स्पष्ट विचारा. आत्ता सेटलमेंटकडे (सौद्यानंतर पैसे आणि शेअर्सची प्रत्यक्ष देवाणघेवाण) बघा, अमेरिकेत मे २०२४ ला टी प्लस वन झालं, म्हणजे ती सौद्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी, युरोपियन युनियन, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडसाठी ११ ऑक्टोबर २०२७ ठरलंय, तिथे लोक लागणार. तुमच्या रिपोर्टिंगचं मात्र बरं आहे, बीसीबीएस २३९ ची तत्त्वं (बँकेने जोखमीचा डेटा कसा गोळा करून कळवायचा याची) २०१३ ची आहेत आणि डेटा लिनिएजची कामं अजून संपलेली नाहीत. आकडा अहवालातून मागे मूळ व्यवहारापर्यंत नेऊन दाखवू शकणारा माणूस कमी दिवस रिकामा बसतो.

तारांगण

मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर घेणारी. काही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत म्हणून लिहिते.

कॉन्ट्रॅक्टवर सहा महिने लिहिलंय याचा अर्थ सहा महिने काम आहे असा होत नाही. नोटिसचं कलम वाचा. बँकेच्या बाजूने एक-दोन आठवड्यांची नोटिस असेल तर तुमची खात्री तेवढ्याच आठवड्यांची. खर्च कमी करा असा आदेश वरून आला की सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्टर जातात, कारण त्यांना काढायला काही प्रक्रियाच नसते. मला एकदा चांगलं काम करणाऱ्या तिघांना एका शुक्रवारी सांगावं लागलं होतं, त्यांची चूक काहीच नव्हती, बजेटची ओळ बंद झाली इतकंच. फार वाईट वाटलं होतं. डिसेंबरमध्ये सिस्टीममध्ये बदल बंद असतात तेव्हा कितीतरी ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरना दोन आठवडे बिनपगारी सुट्टी देतात, आणि सगळ्यांचे रेट एकदम दहा टक्के कमी करणारी पत्रंही जातात. हे निशिगंध यांच्या दोनशे दिवसांत धरा.

मुलाखतीत मी काय बघते? टीम किती मोठी होती यात मला रस नसतो. पहिल्या तीन आठवड्यांत काय करून द्याल ते विचारते. पर्मनंटमधून पहिल्यांदा येणारे लोक इथेच अडखळतात, 'आम्ही केलं, आमच्या टीमने केलं' असं सांगतात. तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा. आत आल्यावरही सवय बदलावी लागते, मॉडेल किंवा अहवाल तुमच्या नावावर नसतो, सही बँकेचाच माणूस करतो, अप्रेझल नाही, प्रमोशन नाही, टीमच्या अर्ध्या मीटिंगांना बोलावणं नसतं. टीम बघायची ज्यांना आवड आहे त्यांना हे फार लागतं, तुम्ही टीम बघता म्हणून मुद्दाम सांगतेय.

नोटिस पिरियडचं म्हणाल तर खूप हवा असलेला माणूस असेल तर आम्ही थांबतो, पण तीन महिने कठीण. तुमच्या मॅनेजरशी बोलून कमी करून घेता येतो का बघा. बॅकग्राउंड चेक पूर्ण झाल्याचा मेल आणि सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट हातात आल्याशिवाय राजीनामा नको. तोंडी 'कन्फर्म आहे' याला बँकेत काही अर्थ नाही, हेडकाउंटची म्हणजे माणूस घ्यायची मंजुरी शेवटच्या दिवशी अडकलेली मी पाहिलीये.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पायवाट, तुमचा कागदाचा प्रयोग काल रात्री केला. पाऊण पान भरलं, पण खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं लिक्विडिटीचं आहे आणि ते मी शेवटचं स्वतःच्या हाताने केलं त्याला चार वर्षं झाली. बोनस मार्चमध्ये आहे आणि नोटिसवर असलो तर मिळत नाही, मागच्या दोन वर्षांच्या बोनसचा डिफर्ड म्हणजे नंतर द्यायला राखून ठेवलेला भागही जाईल बहुतेक, हे मी हिशोबातच धरलं नव्हतं. परत येण्याबद्दल कोणाचा अनुभव आहे का?

मधली_सुट्टी

मी आले परत, साडेतीन वर्षांनी. शिक्का वगैरे बसत नाही पण 'आता का थांबायचंय' हे प्रत्येक मुलाखतीत विचारतात आणि खरं उत्तर तयार ठेवावं लागतं. माझं खरं उत्तर होतं की मला एखादं काम सुरुवातीपासून दोन-तीन वर्षं सांभाळायचं होतं, दर वेळी हँडओव्हर देऊन निघायचा कंटाळा आला होता. पगार आधीच्या पर्मनंटपेक्षा बरा मिळाला कारण पाच वेगवेगळ्या बँकांत तेच काम कसं करतात ते बघून आले होते. पद मात्र बरोबरीच्या लोकांपेक्षा एक पायरी खाली, ते आतापर्यंत भरून निघालेलं नाही.

घरकर्ज वाढवायचं किंवा दुसरीकडे हलवायचं मनात असेल तर ते पर्मनंट असतानाच उरकून घ्या, नंतर एक-दोन वर्षांच्या कमाईचे कागद मागत बसतात. आणि निघताना स्वतः बनवलेली एक्सेलसुद्धा बरोबर नेऊ नका, ती बँकेची असते, असली फाइल मेलने बाहेर पाठवल्यापायी ओळखीतल्या एकाचं नवीन कॉन्ट्रॅक्ट सुरू व्हायच्या आधीच गेलं.

कोरा_कागद

मग असं करतो, एजन्सीला आजच विचारतो की काम कशासाठी आहे, नोटिसचं कलम काय, पैसे किती दिवसांत आणि मार्चनंतर चालेल का. नाही म्हणाले तर सोडून देतो, आणि इथेच लिक्विडिटीच्या नवीन प्रोजेक्टवर मागून घेतो, त्यात परत स्वतःच्या हाताने काम करायला मिळेल. बायकोला हा सगळा धागा वाचायला दिला, ती म्हणाली आधी सहा महिन्यांचे पैसे साठव मग बोलू.