अनुभव धागा: वर्गातल्या स्लाइडमध्ये व्हिडिओ अडतो तेव्हा

इंदूरच्या मराठी शिक्षकांनो, शाळा उघडायच्या आत पीपीटी तपासून घेऊ या. व्हिडिओ का अडतो आणि काय केलं की चालतो, तेवढंच लिहा. किस्से नकोत.

संगणक शिक्षिका, राजवाड्याजवळची शाळा
.एमपी४ या नावाला भुलू नका, ते नुसतं खोकं. आतलं चित्र एच.२६४ पद्धतीनं दाबून भरलंय की नव्या एचईव्हीसीनं, त्यावर सगळं. व्हीएलसी हा फुकट प्लेअर स्वतःचे कोडेक (दाबलेलं चित्र-आवाज उलगडणारे प्रोग्रॅम) घेऊन येतो, म्हणून त्यात काहीही चालतं. पॉवरपॉइंट ते विंडोजकडे मागतो. व्हीएलसीत फाइल लावून कंट्रोल+जे दाबा. 'एच२६४' आणि 'एएसी' (ही आवाजाची पद्धत) दिसलं तर बहुतेक निभावतं. 'एचईव्हीसी' दिसलं तर बदलून घ्या.

विज्ञान शिक्षक
व्हिडिओ बदलायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. प्रीसेट 'फास्ट ७२०पी३०', एन्कोडर एच.२६४, आरएफ (दर्जाचा आकडा) २२, ऑडिओ एएसी. मोबाइलवर शूट केलेलं असेल तर 'पीक'ऐवजी 'कॉन्स्टंट' फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) घ्या. मोबाइल फ्रेमरेट कमीजास्त करतो, मग ओठ पुढे आणि आवाज मागे. व्हीएलसीच्या कन्व्हर्टमधला 'एच.२६४ + एमपी३' प्रोफाइल टाळा. चित्र दिसलं तरी स्लाइडमध्ये आवाज गायब होऊ शकतो.

आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवावं. आधीचे व्हिडिओ मात्र बदलावेच लागतील.

लॅब सांभाळणारा
कोडेक पॅकच्या (एकगठ्ठा कोडेक टाकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका, कृपा करून. एका पीसीवर टाकला तर शेजारच्या वर्गातला तसाच अडेल, आणि पॅकबरोबर नको ते सॉफ्टवेअर येतं ते वेगळंच. फाइल दुरुस्त करा, पीसी नाही. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डरची एमकेव्ही फाइल असेल तर पुन्हा एन्कोडही नको. ओबीएसच्या फाइल मेनूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' काही सेकंदांत एमपी४ करून देतं.

गणित शिक्षिका
ऑफिस २००७ मध्ये व्हिडिओ आत बसतच नाही, फक्त त्याचा पत्ता जातो. आधी पीपीटी आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवा, मग इन्सर्ट करा, आणि पेनड्राइव्हवर अख्खं फोल्डर न्या. २०१० पासून व्हिडिओ आत जातो, पण इन्सर्टच्या बाणातलं 'लिंक टू फाइल' दाबलं तर पुन्हा तीच गत. आणि जुन्या .पीपीटीत सेव्ह करू नका. आत बसवलेल्या व्हिडिओचं नुसतं चित्र उरतं.

लॅब सांभाळणारा
उबुंटूवर (विंडोजऐवजीची लिनक्स प्रणाली) लिबरऑफिसचं इम्प्रेस असेल तर व्हिडिओ चालायला जीस्ट्रीमरचा 'लिबएव्ही' प्लगइन लागतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर जातच नाही.

विज्ञान शिक्षक
चित्र चालतं आणि आवाज नाही, तर दर वेळी कोडेकला दोष देऊ नका. एचडीएमआय जोडली की विंडोज बऱ्याचदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं, आणि प्रोजेक्टरला स्पीकर नसतो किंवा अगदी क्षीण असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट पीसीच्या स्पीकरवर आणा. हे स्लाइड शो सुरू करायच्या आधी करा.