कॅम्पेनला 'मोहीम' म्हणावं की आणखी काही?

मी आणि माझा एक मित्र, दोघंही सोलापूरचे, सध्या छोट्या सैनिकांचा युद्धखेळ खेळतोय. विषय १८१७-१८चं इंग्रज-मराठा युद्ध. पेशवा दुसरा बाजीराव माझ्याकडे, त्याच्या पाठलागावरचा इंग्रज जनरल स्मिथ मित्राकडे. लढाया सुट्या न खेळता एकीत एक गुंतवल्यात. पुठ्ठ्यावर षटकोनी घरं आखून खडकीपासून सोलापूरपर्यंतचा मुलूख काढलाय, नीरा-भीमेसकट. फौजा त्यावर सरकतात. गाठ पडली की टेबलावर हिरवी सोलापुरी चादर अंथरायची, खाली जाडी पुस्तकं सरकवून टेकड्या करायच्या आणि लढायचं. आज पडलेला स्वार पुढच्या लढाईत मिळत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. (शेंगाचटणीचे हात सैनिकांना लावायचे नाहीत, हा नियम क्रमांक एक.)

याला इंग्रजीत कॅम्पेन म्हणतात. नियम मराठीत लिहायला बसलो तर 'मोहीम' शब्दावर मित्र म्हणाला, "काय बे, पोलिओचे डोस पाजायचेत का?" दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद:
दुसरा शोधूच नका. मोहीम मूळचा अरबी, 'महत्त्वाचं काम' या अर्थाचा. मराठीत तो फौजेबरोबरच रुळला. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं, ही मोहीम. स्वच्छता आणि लसीकरण नंतर आले. त्यांच्यासाठी मूळ मालकानं घर का सोडायचं?

प्रतिसाद:
'स्वारी' चालेल की. कर्नाटकची स्वारी, उत्तरेची स्वारी. आखूड आणि ठसठशीत.

प्रश्नकर्ता:
स्वारी आणि मोहीम, दोघांची अडचण एकच. मोहीम कोणीतरी 'काढतो', स्वारी कोणीतरी 'करतो'. म्हणजे निघणारा एक आणि ज्याच्यावर निघाले तो दुसरा. आमच्या खेळात मोहीम स्मिथची आहे. माझा बाजीराव कुठली मोहीम काढतोय? तो पळतोय! जून १८१८ उजाडेपर्यंत हाती लागला नाही तर मी जिंकलो, असा आमचा नियम आहे. कॅम्पेन म्हटलं की दोन्ही बाजू एका छपराखाली येतात. तसा शब्द हवाय.

प्रतिसाद:
मग 'धामधूम' घ्या. थट्टा नाही. जुन्या कागदांत एखाद्या मुलखात फौजा फिरतायत, गावं उठतायत, वाटा बंद आहेत, अशा काळाला धामधूम म्हणत. गनिमाची धामधूम, मोगलांची धामधूम. कोण चढाई करतो आणि कोण पळतो याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. रयतेच्या बाजूनं पाहिलेलं युद्ध आहे ते.

प्रतिसाद:
आणि नियमावलीच्या मुखपृष्ठावर गणपती छापून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असं लिहा.

प्रतिसाद:
कॅम्पेनचं मूळ लॅटिन 'कांपुस', म्हणजे मैदान. शिंद्यांच्या कवायती फौजेचे 'कंपू' होते ना, तेही फिरंग्यांकडून त्याच घराण्यातून आले. म्हणजे कॅम्पेनचा चुलतभाऊ मराठीत दोनशे वर्षं राहतोय. फक्त आता तो पलटणी सोडून चर्चांमध्ये कंपूबाजी करतो, त्यामुळे कामाचा उरला नाही.

प्रतिसाद:
नावावर किती भांडणार? आतले शब्द जास्त महत्त्वाचे. नकाशावरच्या एका चालीला 'मजल' म्हणा. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल, 'मजल दरमजल'मधली. जिथे फौज थांबली तो 'मुक्काम'. आघाडीची तुकडी 'बिनी', पिछाडी राखणारी 'चंदावल'. सरदाराच्या स्वारांचं 'पथक', कवायती पायदळाची 'पलटण'. पळायचं की टिकायचं हे ठरवायला फासे टाकत असाल तर ते 'धीराचं दान'. फौजेचा धीर सुटतो, हे मराठीत आयतं आहे. आष्टीच्या लढाईत बाजीरावाचे सेनापती बापू गोखले पडल्यावर काय झालं, ते दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगणार?

प्रश्नकर्ता:
धीराचं दान घेतलं! मित्रानं तर लगेच वापरलं. आमच्या आष्टीत त्याचे स्वार भीमेकडून आले, माझ्या पथकांनी तीनदा धीर धरला आणि चौथ्या दानाला सगळी फळी चादरीच्या काठापर्यंत गेली. बापू मात्र आमच्याकडे जगले. इतिहासात ते फेब्रुवारी १८१८मध्ये तिथेच पडले, बाजीराव निसटला. त्याचं पायदळ आणि तोफा पुढे सोलापुरात सापडल्या, मे महिन्यात इंग्रजांच्या जनरल मन्रोनं त्या मोडल्या.

पावसाळ्यातल्या थांब्याला 'छावणी' लिहिलंय. तिथे वेगळीच पंचाईत. आमच्या मंगळवेढा-सांगोल्याकडच्या माणसाला छावणी म्हटलं की दुष्काळातली चारा छावणीच आठवते.

प्रतिसाद:
आठवू दे. तुमच्या नियमात घोड्यांना वैरण मोजावी लागते का? मग अर्थ फार लांब गेलेला नाही.

प्रतिसाद:
सैनिकांना काय म्हणता? 'मिनिएचर' नको. दिवाळीत किल्ल्यावर मांडतो ती 'चित्रं'. मातीची असोत की शिशाची, चित्रंच. आमच्याकडे मावळे, गवळण, वाघ, सगळ्यांना हाच शब्द. २८ मिलिमीटरच्या शिपायाला का नको?

प्रश्नकर्ता:
चित्रं पसंत. पण 'चित्रं रंगवतोय' म्हटलं की लोक कागद शोधतात, म्हणून नियमात एकदा 'किल्ल्यावरची असतात तशी' एवढं लिहितो. नावाचं असं ठरवलंय: एका बाजूनं आखलेली ती मोहीम, तिची पानं स्मिथच्या वहीत. दोघांची मिळून जी चालली ती धामधूम, आणि ते नाव नकाशावर. मित्राची हरकत अजून आहे, पण त्याची मजल आज रात्री यायची आहे आणि नीरेवरचा उतार माझ्या ताब्यात आहे.

एक राहिलं. मागे राखून ठेवलेल्या फौजेला 'कुमक' म्हणता येईल का?

प्रतिसाद:
नाही. कुमक बाहेरून येते. तुमचीच, पण अजून न वापरलेली, ती 'राखीव'.