चंद्रकोर-ताऱ्याचा पक्ष का मावळला?

चर्चाप्रस्ताव

तीन दशके सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाल्यावर १९९८ साली इंडोनेशियात घटनातज्ज्ञ युसरिल इहझा महेंद्र यांच्या नेतृत्वाखाली बुलान बिंतांग, म्हणजे ‘चंद्र-तारा’, हा इस्लामी पक्ष उभा राहिला. १९५५ च्या निवडणुकीत ५७ जागा जिंकणाऱ्या आणि १९६० मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या राजवटीत बंदी आलेल्या मशुमी या इस्लामी पक्षाचे वारस आपणच, असा त्याचा दावा होता. चिन्हही तेच होते. १९९९ मध्ये त्याने १३ जागा मिळवल्या. २००४ मध्ये मते १.९४ वरून २.६२ टक्क्यांवर गेली, तरी जागा मात्र ११ झाल्या. २००९ मध्ये संसदेत प्रवेशासाठी किमान अडीच टक्के मतांची अट आली आणि १.७९ टक्के मते मिळवणारा हा पक्ष बाहेर फेकला गेला. साडेअठरा लाखांहून अधिक मतदारांचा कौल असा कायद्याने निकालात काढला, हे मला लोकशाहीला धरून वाटत नाही.

प्रतिसाद १

अटीवर खापर फोडणे सोपे आहे, पण २००४ च्या तुलनेत मते घटली होती, ती काही अटीमुळे नव्हे. न्याय पक्ष या दुसऱ्या इस्लामी पक्षाने १९९९ मध्ये जेमतेम १.३६ टक्के मते आणि सात जागा मिळवल्या होत्या. विद्यापीठांतल्या अभ्यासमंडळांतून कार्यकर्ते घडवून, भ्रष्टाचाराचा मुद्दा लावून धरून आणि नव्या नावाने उभा राहून त्याने २००४ मध्ये ४५ जागा जिंकल्या. बुलान बिंतांग मात्र शरियतचा उल्लेख राज्यघटनेत आणण्याच्या मागणीत गुंतून राहिला आणि २००२ मध्ये तीही फेटाळली गेली.

प्रतिसाद २ (प्रस्तावकाकडून)

आपली तुलना मला अपुरी वाटते. मशुमीच्या काळी मुहम्मदियासारखी विशाल इस्लामी संघटना पाठीशी होती. १९९८ मध्ये तिचे नेते अमीन रईस यांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढला, त्यामुळे वारसाच्या हाती चिन्ह उरले, माणसे उरली नाहीत.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ च्या लेखकाकडून)

मग आपण माझेच म्हणणे मांडत आहात! इंडोनेशियात मतपत्रिकेवरच्या पक्षाच्या चौकटीला खिळ्याने भोक पाडून मत देतात. चंद्रकोर पाहून खिळा टोचणारी पिढी वयाने थकत गेली आणि तिची नातवंडे तो खिळा दुसरीकडे टोचू लागली. युसरिल स्वतः अनेक राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळांत बसले, २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा मंत्री झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्षाला अर्धा टक्काही मते मिळाली नव्हती.